बिनखेळण्यांचे खेळ: एक ते तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना पडणारे प्रश्न

मी पाळणाघर चालवते. संध्याकाळी मुलाला न्यायला आलेले आई-बाबा आणि आजी-आजोबा चपला घालता घालता जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हे खेळ मूल चालायला लागल्यापासून साधारण तीन वर्षांचं होईपर्यंतचे आहेत. एकाही खेळासाठी काही विकत आणावं लागत नाही आणि कपाटातून काही काढावंही लागत नाही.

खेळणं नाही, चेंडू नाही, मग मूल खेळणार कशाशी?

तुमच्याशी. या वयात मुलाला स्वतःच्या अंगावर नुकता ताबा मिळायला लागलेला असतो. पळणं, वाकणं, उकिडवं बसून पुन्हा उठणं, चढणं, पलंगाखालून सरपटत जाणं, हेच त्याला दिवसभर करून बघायचं असतं. त्याला समोर एक माणूस मात्र हवा असतो, जो बघेल, हसेल, स्वतः तसं करून दाखवेल आणि मुलाने 'अजून' म्हटलं की पुन्हा करेल. बाकी भिंत, दार, पलंग, फरशी हे घरात आहेच.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या. तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून त्यांनी पानं, फुलं, बिया, खडे, शिंपले यांवर काम भागवलं. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना तिथलीच. त्यांची मुलं थोडी मोठी होती. दीड वर्षाचं मूल खडा आधी तोंडात घालतं, म्हणून आपण खडेही बाजूला ठेवू.

दिवसभरात किती हालचाल व्हायला हवी?

जागतिक आरोग्य संघटनेने पाच वर्षांखालच्या मुलांसाठी २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. एक आणि दोन वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, असं त्यात म्हटलंय. ती हळू असो की जोरात. तीन वर्षांनंतरही १८० मिनिटंच, पण त्यातली निदान ६० मिनिटं धाप लागेल अशी. सलग १ तासापेक्षा जास्त वेळ मुलाला बाबागाडीत किंवा उंच खुर्चीत अडकवून ठेवू नये, हेही त्यात आहे.

१८० मिनिटं म्हटल्यावर पालकांच्या पोटात गोळा येतो. पण हा दिवसभराचा हिशोब आहे. सकाळी बाबांच्या मागे घरभर फिरणं, जिना चढणं, सोफ्यावर चढून उतरणं, आंघोळीला जाताना पळून जाणं, सगळं यात धरायचं. तुम्ही बसून मुद्दाम खेळवायचा वेळ म्हणजे पाच-दहा मिनिटांचे काही तुकडे. या वयाचं मूल एका खेळात त्याहून जास्त वेळ क्वचितच टिकतं आणि त्यात काही बिघडलेलं नसतं.

मुलगी चौदा महिन्यांची आहे, नुकती चालायला लागली आहे. सुरुवात कुठून करू?

तिची नक्कल करा. ती बसली की तुम्ही बसा, तिने हात वर केले की तुम्ही करा, ती वळली की तुम्ही वळा. बोलू नका. थोड्याच वेळात तिच्या लक्षात येतं. मग ती मुद्दाम डोकं हलवते आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघते की तुम्हीही हलवताय का. इथून खेळ तिच्या हातात गेला. बहुतेक पालक 'असं कर, तसं कर' सांगून सुरुवात करतात. या वयात उलटं जास्त चालतं.

त्यानंतर बुवा-कुक. पदराआडचं बुवा-कुक तिला आता सोपं झालेलं असतं, म्हणून दाराआड लपा आणि पायाचा अंगठा बाहेर दिसू द्या. तिने चालत येऊन शोधलं पाहिजे. घरात दोघं मोठे असतील तर थोड्या अंतरावर समोरासमोर जमिनीवर बसा आणि तिला एकाच्या मांडीवरून दुसऱ्याच्या मांडीवर चालत येऊ द्या. ती पडली तर लगेच धावू नका. तिच्या तोंडाकडे बघा. रडायचं की हसायचं हे ती तुमच्या चेहऱ्यावरून ठरवते.

दोन वर्षांच्या मुलाशी रोज खेळता येतील असे खेळ कोणते?

मी सगळ्यात आधी 'चल-थांब' सांगते. खोलीत दोघांनी चालायचं, मोठ्याने 'थांब' म्हटलं की आहे तिथे पुतळा, 'चल' म्हटलं की पुन्हा सुरू. सुरुवातीला मूल 'थांब' ऐकून आणखी दोन-तीन पावलं टाकतंच, कारण ऐकणं आणि पाय आवरणं यांत त्याला वेळ लागतो. तेवढा द्या. आमच्याकडे एक मुलगा थांबताना ओठ घट्ट मिटून श्वासच धरायचा. मुठी आवळलेल्या, पोट फुगलेलं, फक्त बुबुळं इकडून तिकडे फिरायची. 'चल' म्हटलं की आधी सुस्कारा आणि मग पळ. सगळं शरीर आवरायला किती जोर लागतो ते त्याच्याकडे बघून कळायचं.

हा खेळ मला एवढा महत्त्वाचा वाटतो तो रस्त्यासाठी. हात सोडून पळणाऱ्या मुलाला 'थांब' हा शब्द घरी शेकडो वेळा हसत खेळलेला असेल, तर बाहेर त्याचे पाय त्या शब्दाला थोडे तरी ओळखतात. यावर विसंबून हात सोडायचा नाही, हे सांगायला नको. आणि रोज काही वेळ 'थांब' म्हणायचं काम मुलाला द्या. तुम्ही एक पाय हवेत धरून डुगडुगत उभे राहिलात की त्याला होणारा आनंद बघण्यासारखा असतो.

दुसरा खेळ प्राण्यांचा. मुलाने खरंच पाहिलेले प्राणी घ्या. मांजर होऊन पाठ वर करायची, कुत्रा होऊन चार पायांवर पळायचं, कावळा होऊन पंख पसरायचे, बदक होऊन उकिडवं चालायचं. आमच्याकडे सर्वांत लोकप्रिय पाल आहे. भिंतीला पोट, गाल आणि दोन्ही पंजे चिकटवून बाजूबाजूने सरकत जायचं आणि मधेच चुकचुक करायची. मुलं हे मिनिटंच्या मिनिटं करतात आणि खालच्या मजल्यावर आवाजही जात नाही. हत्ती सोपा दिसतो, पण कमरेत वाकून एक हात सोंडेसारखा झुलवत चालताना तोल सांभाळावा लागतो. तो अडीच वर्षांच्या आसपास जमतो.

'डोंगराला आग लागली, पळा पळा पळा' तुम्ही लहानपणी खेळलाच असाल. मोठ्यांचे आकडे आणि गट सोडून द्या. इथे एवढंच, की 'पळा' म्हटलं की पळायचं आणि शेवटी घरी यायचं. घर म्हणजे आईची मांडी किंवा पलंगाचा कोपरा. काही मुलं आगीच्या नावाने बिचकतात. मग 'पाऊस आला, पळा' म्हणा.

'चिमणी उडाली, भुर्र' बसून सुरू करता येतो. हात जमिनीवर ठेवायचे आणि 'भुर्र' म्हणताच वर न्यायचे. मोठी मुलं 'म्हैस उडाली'ला हात वर गेले की बाद होतात. दोन वर्षांच्या मुलाची म्हैस खुशाल उडू द्या. अडीचच्या पुढे एखाद्या दिवशी ते अचानक हात खालीच ठेवतं आणि रागावून सांगतं, 'म्हैस नाई उडत!' त्या दिवसापासून तुम्ही कपाट, कढई, आजोबा वाट्टेल ते उडवू शकता. उभं राहून खेळलात तर भुर्र म्हणताना खोलीभर उडत फिरता येतं.

स्वयंपाक करताना 'हात लावून ये' फार उपयोगी पडतो. 'दाराला हात लावून ये.' आलं की 'फ्रिजला हात लावून ये.' दीड वर्षाच्या मुलाला एका वेळी एकच सूचना पेलते. दोनच्या सुमारास 'आधी खिडकी, मग आजी' अशा दोन सांगता येतात. तुम्ही पोळी लाटत राहता आणि मूल घरभर फेऱ्या मारतं. फक्त मुलाने धावत ओट्याजवळ यायचं नाही. परत येऊन टाळी द्यायची जागा स्वयंपाकघराच्या दाराबाहेर ठरवून टाका आणि गॅस चालू असेल तेव्हा ती बदलू नका.

बोगदाही छान आहे. तुम्ही हातापायांवर ओणवे झालात की पोटाखालून मूल आरपार जातं. गाडी आली की बोगदा हळूहळू खाली बसतो आणि गाडी ओरडून बाहेर पळते. त्यानंतर पालथं पडा, आता तुम्ही डोंगर. चढायचं आणि पलीकडे उतरायचं.

मुलाला उडी मारता येत नाही. शिकवावी का?

दोन्ही पाय एकदम उचलून उडी मारणं बहुतेकांना दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान जमतं. एका पायावर क्षणभर उभं राहणं तीनच्या आसपास. लंगडी त्यानंतर बऱ्याच काळाने. त्यामुळे दीड वर्षाचं मूल उडी मारत नाही म्हणून काळजी नको.

उडी यायच्या आधीचे दिवस मात्र जवळून बघा. मूल गुडघे वाकवतं, हात मागे नेतं, अंग वर खेचतं, टाचा उचलल्या जातात, केस उडतात, पण पायाची बोटं फरशीवरच असतात. आणि मग ते टाळ्या वाजवतं, कारण त्याच्या मते उडी झाली. त्या वेळी तुम्हीही टाळ्या वाजवा. हात धरून वर ओढू नका. ओढल्याने उडी येत नाही आणि कोपराला धोका असतो, त्याबद्दल पुढे लिहिलंय. एखाद्या अगदी बुटक्या पायरीवरून एक पाय पुढे टाकून उतरणं आणि बेडकासारखं बसून उठणं, एवढी तयारी पुरते. एक दिवस दोन्ही पाय एकदम सुटतात. तेव्हा मूल स्वतःच चकित होऊन खाली बघतं.

आमचा वन बीएचके फ्लॅट आहे आणि खालचे शेजारी आवाजाची तक्रार करतात. काय खेळणार?

आवाज उड्या आणि टाचा आपटून धावण्याचा येतो. बाकीचं सगळं खेळता येतं. फरशीच्या दोन लाद्यांमधल्या रेषेवरून पावलापुढे पाऊल टाकत चालणं, चवड्यांवर 'उंदीरमामा चालले' करत आजीच्या मागून जाणं, साप होऊन पोटावर सरपटणं, कासव होऊन अगदी सावकाश हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत येणं. सावकाश हलणं मुलांना पळण्यापेक्षा जड जातं, म्हणून त्यात ती लवकर दमतात.

आणि भिंत ढकलणं. दोन्ही तळवे भिंतीवर, एक पाय मागे आणि 'हैय्या!' भिंत हलवायचीच अशा आविर्भावात तुम्हीही शेजारी ढकलायला लागा. चिडलेली किंवा फार उधाणलेली अनेक मुलं यानंतर जराशी शांत होतात, असा माझा अनुभव आहे. उड्या सोसायटीच्या आवारासाठी राखून ठेवा. शेजाऱ्यांशीही एकदा बोलून घ्या. कोणत्या वेळी त्यांना त्रास होतो हे कळलं की दोन्हीकडचा ताण कमी होतो.

मे महिन्याच्या उन्हात आणि पावसाच्या झडीत बाहेर जाता येत नाही, तेव्हा?

उन्हाळ्यात पळापळीचे खेळ सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर. दुपारी फरशीवर लोळायचे, सरपटायचे खेळ, आणि मधूनमधून पाणी. खेळात रंगलेलं मूल तहान लागली म्हणून सांगत नाही.

पावसाळ्यात पावसाचाच खेळ करा. बोटांनी जमिनीवर टपटप म्हणजे थेंब, तळव्यांनी म्हणजे सर, दोन्ही पाय आपटले की गडगडाट, आणि ऊन पडलं की हातपाय पसरून आडवं व्हायचं. खिडकीतून खरा पाऊस दिसत असेल तर तो वाढला की खेळातलाही वाढवा.

ऑफिसमधून आल्यावर माझ्यात उभं राहायची ताकद नसते. मी काय करू?

आडव्या व्हा आणि 'झोपलेला वाघ' व्हा. डोळे मिटून घोरायचं. मूल चोरपावलांनी येतं, वाघाला हात लावतं, वाघ गुरगुरून एक डोळा उघडतो आणि मूल किंचाळत पलीकडच्या भिंतीपर्यंत पळतं. वाघ पुन्हा झोपतो. सगळी धावपळ मूल करतं. मघाचा डोंगरही झोपूनच होतो, आणि 'हात लावून ये' तर पलंगावरून सांगता येतो. अडीच वर्षांचं मूल मुठींनी तुमची पाठ दाबून देतं. त्याला ते मोठ्यांचं काम वाटतं आणि तुम्हाला जरा आराम मिळतो. पाठीवर उभं राहू देणं मात्र टाळा, मूल घसरून पडतं.

कामावरून आल्या आल्या पहिली दहा मिनिटं अशी दिली, तर पुढचा तासभर ते तुलनेने कमी बिलगतं. दिवसभर वाट पाहिलेलं माणूस आधी त्याला हवं असतं. कुकर नंतरही लावता येतो.

दिवसभर मूल आजी-आजोबांकडे असतं. त्यांचे गुडघे दुखतात.

खुर्चीत बसून खेळण्यासारखं पुष्कळ आहे. आजोबांचे दोन पाय म्हणजे रेल्वेचं फाटक. बंद असेल तर गाडीने शिट्टी द्यायची, उघडलं की आरपार जायचं. आजीने तळहात कधी वर, कधी खाली, कधी बाजूला धरायचा आणि मुलाने टाळी द्यायची. तळहात खाली गेला की मुलाला उकिडवं बसावं लागतं, वर गेला की चवड्यांवर उभं राहावं लागतं. आपडी-थापडी आजींना मी शिकवायची गरज नाही. खरं तर हे खेळ मीच त्यांच्याकडून घेते. पाळणाघरातले निम्मे खेळ कुणा ना कुणाच्या आजीने दारात उभं राहून सांगितलेले आहेत.

मांडीवरचा घोडा गुडघे सहन करत असतील तरच. आणि एकच माणूस घरी असेल तर पळापळीचा खेळ नको. मूल दारातून जिन्याकडे निसटलं तर मागे धावता आलं पाहिजे.

रोज तोच खेळ, तीच वाक्यं. मला कंटाळा येतो. बदलू का?

मुलाला बदल नको असतो. पुढे काय होणार हे माहीत असणं आणि ते तसंच होणं, यातच त्याला मजा असते. तुम्हाला फारच कंटाळा आला तर एकच गोष्ट बदला. वाघाने या वेळी घोरायच्या ऐवजी शिंकावं. मुलाला आवडलं तर ते स्वतःच 'शिंक वाघ' मागेल, नाही तर जुन्यावर परत या. चार-पाच खेळ पक्के असू द्या. रोज नवं शोधायच्या मागे लागलेले पालक लवकर थकतात, हे मी बघते.

थोरली सहा वर्षांची, धाकटा दोनचा. दोघं एकत्र कसे खेळतील?

धाकट्याला लिंबूटिंबू करा. आपल्याकडच्या गल्लीतल्या खेळांनी ही सोय पूर्वीपासून करून ठेवली आहे. लिंबूटिंबू सगळ्यांबरोबर पळतो, त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही. विषामृतात तो हवं त्याला अमृत देत फिरला तरी चालतं.

थोरलीला हुकूम देणाऱ्याचं काम द्या. 'चल-थांब' ती छान खेळवते. पण तिचा स्वतःचाही वेळ ठेवा, ज्यात धाकटा नसेल. सतत सांभाळून घ्यायला लावलं की तिचा वैताग धाकट्यावर निघतो.

तो नियम पाळत नाही आणि दुसरी मुलं आली की एकटाच खेळतो.

तीन वर्षांखाली असंच असतं. मुलं एकमेकांशेजारी खेळतात, एकमेकांबरोबर खेळणं नंतर येतं. पहिला-दुसरा नंबर, हार-जीत, बाद होणं यातलं काही ठेवू नका. संगीत खुर्चीत खुर्ची काढून घेतल्यावर दोन वर्षांचं मूल रडतं ते बरोबरच आहे. त्याला वाटतं, मी काय चुकीचं केलं?

दवाखान्याच्या रांगेत किंवा एसटी स्टँडवर मूल सैरभैर होतं. तिथे काय?

जागच्या जागीचे खेळ. तुमच्या पावलांवर त्याची पावलं ठेवून दोघांनी मिळून चार पावलं पुढे, चार मागे. 'उंच-ठेंगू' म्हणजे उंच म्हटलं की चवडे, ठेंगू म्हटलं की उकिडवं. 'शिवाजी म्हणतो'चं सोपं रूप करून नाक, कान, गुडघा, टाच धरायला सांगा. फसवाफसवी नको. दवाखान्यात जमिनीवरचे खेळ टाळा आणि निघताना हात धुवा. चालत्या गाडीत मांडीवर किंवा सीटवर बसूनच, फक्त हातांचे खेळ.

यातलं धोक्याचं काय आहे?

हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा, मुलाला खांद्यावर घेणाऱ्या काका-मामांना तर आधी.

हाताला किंवा मनगटाला धरून मुलाला उचलू नका, झोके देऊ नका, गरगर फिरवू नका. दोघांनी दोन हात धरून 'एक, दोन, तीन, हुप्प!' करणं सगळ्यांना आवडतं, पण या वयात कोपराचे बंध सैल असतात आणि ओढल्याने तिथलं हाड जागेवरून सरकू शकतं. तसं झालं तर मूल एकदम रडतं आणि मग तो हात वापरतच नाही, अंगाजवळ लटकता धरून ठेवतं. घरी चोळू नका, ओढून बसवायला जाऊ नका. डॉक्टर बहुतेक वेळा ते काही क्षणांत जागेवर बसवतात. उचलायचं असेल तर काखेत दोन्ही हात घालून उचला.

छताचा पंखा. मुलाला खांद्यावर घेऊन किंवा हातांवर उंच उचलून नाचताना वर पंखा आहे हे घरचे लोक विसरतात. पलंगावर उभं राहून मूल उचललं तर अंतर आणखी कमी होतं. घरात मूल डोक्याच्या वर न्यायचंच नाही, हा साधा नियम ठेवा.

हवेत उडवून झेलणं नको. रागाच्या भरात तर नाहीच, पण गमतीतही मुलाला गदागदा हलवायचं नाही. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मान कमजोर असते, त्यामुळे मेंदूला इजा होऊ शकते.

तोंडात घास असताना पळायचं नाही. शेंगदाणा, फुटाणा, द्राक्ष श्वासनलिकेत अडकू शकतं. जेवण झाल्यावर अर्धा तास तरी शांत बसवा.

फरशीवर मोजे घालून पळू देऊ नका, अनवाणी बरं. पुसलेली फरशी वाळू द्या. पकडापकडीत बोटं बिजागरीच्या फटीत सापडतात, म्हणून दार एक तर पूर्ण उघडून अडकवा किंवा बंद ठेवा. खिडकी आणि गॅलरीजवळ चढता येईल अशी खुर्ची, स्टूल, कुंडी ठेवू नका.

गुदगुल्या मुलाने 'नको' म्हटलं की त्याच क्षणी थांबवा, ते हसत असलं तरी. गुदगुल्यांनी हसू आपोआप येतं, त्याला मजा येतेय असं त्यावरून समजू नका. 'नको' म्हटल्यावर मोठं माणूस थांबतं, हे त्याला तुमच्याकडूनच कळायचं आहे.

मोबाइलवर गाणी लावून नाचायला लावलं तर चालेल?

गाणं चालेल, पडदा नको. मोबाइल उलटा करून लांब ठेवा. चित्र दिसलं की मूल नाचायचं थांबून बघत उभं राहतं, हे कोणत्याही घरात पडताळता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांमध्ये एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन अजिबात नको आणि दोनच्या मुलाला जास्तीत जास्त १ तास, तोही जितका कमी तितका बरा, असं आहे. तुम्ही स्वतः गायलात तर आणखी चांगलं, कारण मूल पडलं की तुम्हाला गाणं थांबवता येतं आणि त्याच्या वेगाने पुन्हा सुरू करता येतं. आवाज कसा आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

झोपायच्या आधी खेळवावं का? मग ते झोपतच नाही.

पळापळी झोपेच्या बरीच आधी संपवा. शेवटच्या अर्ध्या तासात कासव, चवड्यांवरचा उंदीर, आणि अंथरुणात करंगळीपासून खांद्यापर्यंत बोटं चालवण्याचे खेळ. या वयात दुपारची झोप धरून ११ ते १४ तास झोप लागते.

डॉक्टरांना कधी दाखवावं?

दीड वर्ष पूर्ण झालं तरी आधाराशिवाय चालत नसेल, नेहमीच फक्त चवड्यांवर चालत असेल, एकच हात किंवा एकच पाय वापरत असेल, नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, किंवा आधी येत असलेली गोष्ट करायचं बंद झालं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. शेवटच्या कारणासाठी अजिबात थांबू नका. 'मुलगे उशिराच चालतात' असं घरातलं कुणी म्हणत असलं तरी दाखवून घ्या. मूल नुसतं लाजाळू असेल, नव्या खेळात बाजूला उभं राहून बघत असेल, तर त्याला बघू द्या. अशी मुलं घरी जाऊन तोच खेळ जशाच्या तसा खेळून दाखवतात.

खेळ थांबवला की आकांत करतो. काय करावं?

एकदम थांबवू नका. 'आता दोनदा आणि मग आंघोळ' असं आधी सांगा. ती दोन वेळ खरंच द्या आणि तिसरी देऊ नका. मग पुढचं कामही खेळातच सुरू करा. आंघोळीला बेडूक होऊन जायचं, जेवायला हत्ती होऊन, आणि चपला घालायला पाल होऊन भिंतीभिंतीने दारापर्यंत. तरीही रडलं तर रडू द्या. जवळ बसा आणि 'तुला अजून खेळायचं होतं ना' एवढंच म्हणा. बहुतेक मुलं पाणी अंगावर पडेपर्यंत रडणं विसरतात.